पाण्यावर पाण्याचे ओझे

विहिरीतून पाणी शेंदताना तुम्ही एक गोष्ट अनुभवली असेल. भरलेली बादली पाण्याच्या आत असेपर्यंत दोरीला फारसा ताण नसतो. बादली पृष्ठभागाच्या वर आली, की मात्र दोरी एकदम हाताला ओढू लागते. पाणी तेच, बादली तीच. मग वजन कोठून आले? आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकलेला आहात, तेव्हा उत्तर सांगायला नको. बादलीतले पाणी बुडालेले असताना त्याच्या वजनाइतकेच उत्प्लावक बल त्याला वर ढकलत असते, म्हणून पाण्यातल्या पाण्याचे ओझे जाणवत नाही.

माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरी नोकरीला आहे. लहानपणी सुटीत आमच्याकडे आला असताना हा विहिरीचा धडा त्याने माझ्याकडूनच घेतला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, पाण्यात पाण्याला वजन नसतं हे तूच शिकवलंस. मग आम्ही नौकेत पाण्याच्या पिशव्या ठेवतो, त्यांनी नौका खाली कशी जाते? आणि पिशव्या अर्ध्याच भरल्या होत्या, तरी नौका बुडता बुडता कशी वाचली?"

दुसरा प्रश्न ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. सुदैवाने कोणाला काही झाले नव्हते. घोट्यापर्यंत पाणी, भिजलेले डबे आणि एक हरवलेली चप्पल, एवढ्यावर निभावले. पण त्याच्या दोन प्रश्नांत पदार्थविज्ञानाचे इतके काही भरलेले आहे, की त्यावर हा लेख लिहावा असे वाटले.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. त्याला वेकसर्फिंग म्हणतात. समुद्रावरच्या सर्फिंगमध्ये माणूस फळीवर उभा राहून किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेच्या उतारावरून घसरत राहतो. तलावात अशा लाटा कोठून येणार? म्हणून तेथे मोटरनौकेच्या मागे उठणारी लाट वापरतात. सुरुवातीला फळीवरचा खेळाडू दोरी धरून उभा राहतो, आणि लाटेने त्याला उचलले की दोरी सोडून देतो. त्यानंतर नौकेच्या मागे अवघ्या काही मीटरांवर, कोणीही न ओढता, तो लाटेच्या उतारावरून सतत खाली घसरत असतो आणि लाट त्याला सतत वर उचलत असते. उतारावरून खाली येण्याची गती आणि लाट पुढे सरकण्याची गती यांचा मेळ बसला, की तो जागच्या जागी उभा असल्यासारखा दिसतो.

नौकेचा वेग या खेळात साधारण ताशी १६ ते १९ किलोमीटर असतो. हा आकडा आला कोठून? खोल पाण्यातील लाटेचा वेग तिच्या तरंगलांबीवर अवलंबून असतो. नौकेच्या मागोमाग सरळ येणारी लाट नौकेच्याच वेगाने चालते, म्हणून तिची तरंगलांबी काढता येते : वेगाच्या वर्गाला २π ने गुणावे आणि गुरुत्वत्वरणाने भागावे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. यावरून तरंगलांबी सुमारे १६ मीटर येते. नौका मात्र ६-७ मीटरच लांब. म्हणजे नौकेने उठवलेली लाट तिच्यापेक्षा दुपटीहून लांब असते. नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर असते आणि मागचे टोक खड्ड्यात असते. नौका सतत चढावर चालल्यासारखी दिसते ती यामुळे. याहून बराच जास्त वेग दिला, तर पाण्याच्या आघाताने नौका वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. मग ती पाणी कमी बाजूला सारते आणि लाट बसकी होते. वेग फार कमी ठेवला, तर लाट आखूड आणि लहान. या दोन टोकांच्या मधल्या अडचणीच्या वेगातच हा खेळ चालतो. सर्फर ज्या तिरप्या लाटेवर असतो तिचा हिशेब थोडा निराळा आहे. पण दोन्ही लाटांना जन्म देणारा पाण्यातला खड्डा एकच.

आता खड्डा जितका मोठा तितकी लाट मोठी, हे उघड आहे. खड्डा मोठा करायचा तर नौकेने अधिक पाणी बाजूला सारले पाहिजे, आणि त्यासाठी ती जड हवी. नौकेला मुद्दाम दिलेल्या अशा भाराला मराठीत नीरम असा जुना शब्द आहे. शिडाची गलबते रिकामी जाताना तळाशी दगड किंवा वाळू भरून घेत, ते नीरमच. तेथे हेतू असे तो गुरुत्वमध्य खाली आणण्याचा, येथे हेतू आहे लाट उठवण्याचा. वेकसर्फिंगवाले दगडांऐवजी जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या वापरतात आणि तलावावर गेल्यावर त्या पंपाने भरतात. येताजाता गाडीमागून नौका ओढायची असते, तेव्हा तो भार बरोबर न्यावा लागत नाही, ही मोठी सोय.

भाच्याचा पहिला प्रश्न येथे सुटतो. पिशवी तलावाच्या पातळीखाली असेलही, पण ती तलावात नाही, नौकेत आहे. तिच्याभोवती पाणी नसून हवा आहे. म्हणून तिचे पूर्ण वजन नौकेच्या तळावर पडते, आणि नौका तेवढ्याच वजनाचे जास्त पाणी बाजूला सारेपर्यंत खाली जाते. ३०० लिटरची पिशवी म्हणजे ३०० किलो, म्हणजे ०.३ घनमीटर जादा विस्थापन. हिशेब सोपा व्हावा म्हणून नौकेऐवजी ६ मीटर लांब व २ मीटर रुंद असा आयताकृती तराफा घ्या. त्याचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. ०.३ ला १२ ने भागले की ०.०२५ मीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटर. इतकेच?

इतकेच, पण पिशवी तराफ्याच्या बरोबर मध्यावर ठेवली तर. लाट मागे हवी असल्यामुळे पिशव्या ठेवतात मागच्या टोकाशी, आणि मग सी-सॉचा नियम लागू होतो. आयताकृती तराफ्यासाठी एक सुटसुटीत सूत्र आहे. भार मध्यापासून जितका मागे असेल त्या अंतराची सहापट करून तराफ्याच्या लांबीने भागा. त्यात १ मिळवा आणि बेरजेने सरासरी खोलीला गुणा; मागचे टोक किती खाली जाईल ते मिळते. पुढच्या टोकासाठी १ मिळवण्याऐवजी १ मधून वजा करा. आपली पिशवी २ मीटर मागे ठेवली तर मागचे टोक २.५ × ३ म्हणजे साडेसात सेंटिमीटर खाली जाते, आणि पुढचे टोक खाली जाण्याऐवजी अडीच सेंटिमीटर वर उचलले जाते. भार तेवढाच, मागच्या कडेवर परिणाम तिप्पट. नववी-दहावीच्या वर्गात हे सूत्र फळ्यावर द्यायला हरकत नाही असे माझे मत आहे. ते सिद्ध करायला थोडे अधिक गणित लागते, पण वापरायला बेरीज-गुणाकार पुरतो.

म्हणून जाणकार लोक सगळा भार मागे टाकत नाहीत. साधारणतः जास्त भाग मागच्या कोपऱ्यांत आणि थोडा नाळेकडे ठेवून पाहतात. मागे भार जास्त झाला की लाट उंच पण आखूड होते. नाळेकडे थोडा सरकवला की ती लांब होते आणि सर्फरला ऐसपैस जागा मिळते. पण नाळही फार जड करून चालत नाही, कारण पडलेल्या खेळाडूला आणायला नौका वळली की तिला स्वतःच्याच लाटा समोरून ओलांडाव्या लागतात, आणि खाली दबलेली नाळ त्या लाटेत शिरते. डावी-उजवी बाजूही पाहावी लागते. डावा पाय पुढे ठेवून उभा राहणारा खेळाडू सहसा डाव्या बाजूच्या लाटेवर असतो, कारण त्या बाजूला त्याचे तोंड लाटेकडे राहते. पूर्वी त्यासाठी त्या बाजूच्या पिशवीत जास्त पाणी भरून नौका थोडी कलती ठेवत. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बऱ्याच नौकांत हे काम मागे बसवलेली एक हलती पट्टी करते. ती एका बाजूच्या पाण्याचा प्रवाह किंचित वळवते, त्यामुळे नौकेमागे दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांना उशिरा भेटते आणि एका बाजूची लाट नितळ राहते.

आता दुसरा प्रश्न, आणि खरा धोका तेथेच आहे.

भाच्याची नौका सुमारे १९ फुटांची, जुनी, मुळात या खेळासाठी न बांधलेली. तिच्यात त्याने प्रत्येकी ३०० लिटरच्या दोन पिशव्या मागे आडव्या टाकल्या होत्या. नौकेत माणसे आठ. "माणसं जास्त आहेत म्हणून आम्ही सुरक्षितपणासाठी दोन्ही पिशव्या अर्ध्याच भरल्या," असे तो म्हणाला. म्हणजे पाणी ३०० किलोच झाले. एक खेळाडू पाण्यात पडला. चालवणाऱ्याने इंजिन एकदम मंद केले. पडलेल्याला पाहायला सगळे मागच्या डाव्या कोपऱ्याकडे झुकले. नौका त्या बाजूला कलली, आणि नेमक्या त्या क्षणी पिशव्यांतले पाणीही त्याच बाजूला धावले. पाठोपाठ येणारी स्वतःचीच लाट, नौका थांबल्यामुळे, तिला गाठून मागच्या काठावरून आत आली.

पाणी बाजूला धावले, हे त्यातले महत्त्वाचे. उन्हाळ्यात आपल्याकडे गावोगाव पाण्याचे टँकर फिरतात. भरलेला टँकर वळणावर जेवढा त्रास देत नाही तेवढा अर्धा भरलेला देतो, हे त्याच्या ड्रायव्हरला विचारून पाहा. टँकरच्या पोटात पडदे बसवलेले असतात ते यासाठीच. पूर्ण भरलेल्या, हवा काढून टाकलेल्या पिशवीतले पाणी दगडासारखे जागेवर राहते. अर्ध्या पिशवीतल्या पाण्याला मोकळा पृष्ठभाग असतो. नौका कलली की तो पृष्ठभाग आडवाच राहू पाहतो, म्हणजे पाणी खालच्या बाजूला सरकते, आणि नौकेला पुन्हा सरळ करणारे बल कमी पडते. नौकेचा गुरुत्वमध्य प्रत्यक्षात न हलता जणू वर चढल्यासारखा परिणाम होतो.

किती वर? मोकळ्या पृष्ठभागाची लांबी घ्या, तिला रुंदीच्या घनाने गुणा, १२ ने भागा, आणि नौकेने सारलेल्या पाण्याच्या घनफळाने पुन्हा भागा. येथे रुंदी म्हणजे नौकेच्या डाव्या-उजव्या दिशेतले माप. भाच्याची पिशवी १.२ मीटर लांब व अर्धा मीटर रुंद, आणि ती आडवी टाकलेली. म्हणून आपल्या सूत्रात रुंदी १.२ व लांबी ०.५. नौका, माणसे आणि पाणी मिळून २ टन, म्हणजे २ घनमीटर विस्थापन धरू. दोन पिशव्यांचे मिळून उत्तर ७.२ सेंटिमीटर येते. त्याच पिशव्या नौकेच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या असत्या तर उत्तर आले असते सव्वा सेंटिमीटर! पिशवी नुसती फिरवून ठेवल्याने जवळजवळ सहापट फरक. रुंदीचा घन घ्यावा लागतो, त्याची ही करामत. आणि दोन अर्ध्या पिशव्यांऐवजी एकच पिशवी काठोकाठ भरली असती, तर भार तोच राहून हा परिणाम शून्य झाला असता. माझ्या भाच्याने सुरक्षिततेसाठी जे केले तेच त्याच्या अंगावर आले, आणि याबद्दल त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. अर्धे म्हणजे निम्मा धोका, असे कोणालाही वाटेल.

मोठ्या जहाजांनाही हा नियम चुकत नाही. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' हे प्रवासी जहाज पुढचे दार उघडे ठेवूनच निघाले. गाड्या उभ्या करण्याचा मजला आडपडद्यांशिवाय एकसलग होता. त्यावर पाणी पसरले, एका बाजूला धावले आणि जहाज काही मिनिटांतच उलटले. १९३ माणसे दगावली.

हे घरी पाहता येते. जेवणाचा सपाट तळाचा आयताकृती प्लॅस्टिकचा डबा घ्या, साधारण २० सेंटिमीटर लांब व १२ सेंटिमीटर रुंद. तो मोठ्या टबात तरंगू द्या. एका लहान पॉलिथिनच्या पिशवीत २४० मिलिलिटर पाणी भरा, हवा पूर्ण काढा, गाठ घट्ट मारा आणि ती डब्याच्या मध्यावर ठेवा. डबा एक सेंटिमीटर आणखी बुडतो. बोटाने एक कड दाबून सोडली तर झटकन सरळ होतो. पिशवी मागे सरकवून दोन्ही टोके किती वर-खाली होतात ते पट्टीने मोजा आणि वरच्या सूत्राशी ताडून पाहा. मग पिशवी काढा आणि तेच २४० मिलिलिटर पाणी डब्यात मोकळे ओता. आता कड दाबून पाहा. डबा डळमळू लागतो आणि बहुधा एका कडेला कलूनच थांबतो. शिक्षकांनी पुठ्ठ्याचा पडदा उभा करून डब्याचे दोन भाग करून दाखवावेत. सांध्याला मेण लावायला विसरू नये. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही विसरलो होतो.

भाच्याला मी विचारले, नौकेवर भारमर्यादेची पाटी आहे का? अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान मोटरनौकांवर ती कायद्याने लागते. पाटी होती, आणि तिच्यावर ६३५ किलो लिहिले होते. आठ माणसांचे ६०० आणि पाण्याचे ३००, मिळून ९००. "पण पाणी धरायचं असतं का त्यात?" त्याने विचारले. अर्थात धरायचे असते! नौकेला माणूस आणि पाणी यांतला फरक कळत नाही. आता तो एक पिशवी पूर्ण भरतो, लांबीच्या दिशेने पट्ट्याने बांधून ठेवतो आणि चारच माणसे घेतो. ३०० आणि ३०० मिळून ६००. उरलेले ३५ किलो लाइफ जॅकेटे व खाण्याचे डबे यांना. लाट पूर्वीपेक्षा लहान मिळते, अशी त्याची तक्रार आहे.

लाटांचेही ओझे असते, हे त्याच लेक ट्रॅव्हिस तलावात सप्टेंबर २०२० मध्ये दिसले. नौकांची एक मोठी मिरवणूक निघाली होती. हवा शांत होती, पण शेकडो नौकांनी उठवलेल्या लाटा एकमेकींत मिसळून पाणी इतके खवळले की काही नौका बुडाल्या.

पिशवी भरण्याबद्दल दोन शब्द. पंप मिनिटाला ५० लिटर पाणी देत असेल तर ३०० लिटरला ६ मिनिटे लागतात. पण पिशवीचा माथा तलावाच्या पातळीखाली असेल, तर पंप बंद केल्यावरही पाणी आपोआप आत येत राहू शकते. दोन जोडलेल्या भांड्यांतील पाणी समपातळीत येऊ पाहते, हा तुमचा सातवी-आठवीतला धडा. म्हणून तळाजवळचा कॉक हाताने बंद करावाच लागतो. नाहीतर पिशवी फुगून नळी निसटते आणि सगळा तलाव नौकेत यायला मोकळा होतो. याच कारणामुळे ती पिशवी रिकामी करतानाही पंप लागतो. नुसते तोंड उघडून पाणी वर चढून बाहेर जाणार नाही. आणखी एक : खेळाडू नौकेच्या इतका जवळ असतो, की इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याच्यापर्यंत पोचू शकतो. या वायूला वास नसतो, म्हणून मागच्या फळीवर कोणी बसून राहू नये. आणि नौकेचा पंखा मागे उघडा नसून तळाखाली, बराच आत असला पाहिजे. बाहेर लटकणाऱ्या इंजिनाच्या नौकेमागे हा खेळ खेळतच नाहीत.

पाण्याच्या पिशवीचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. काही लोक पिशव्यांऐवजी शिशाचे ठोकळे ठेवतात. नौकेत पाणी भरले आणि पाण्याची पिशवी त्यात बुडाली, की विहिरीतल्या बादलीप्रमाणे तिचे ओझे नाहीसे होते. शिसे पाण्याच्या अकरापट जड. बुडाल्यावर त्याचे वजन जेमतेम अकरावा हिस्सा कमी होते, आणि ते नौकेला तळाकडे ओढतच राहते.

खेळ संपल्यावर पिशव्या रिकाम्या करायच्या त्या शेवटच्या थेंबापर्यंत. झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला मूळचा काळा समुद्र व कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला. जहाजांच्या नीरमाच्या पाण्यातून तो १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत पोचला आणि २०१७ मध्ये लेक ट्रॅव्हिसमध्येही सापडला. तो पाण्याच्या नळांत थरावर थर वाढून ते बुजवतो. त्याची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पिशवीत उरलेले लोटाभर पाणी त्यांना दुसऱ्या तलावापर्यंतच्या प्रवासाला पुरते. टेक्सासमध्ये नौका तलावातून बाहेर काढताना तिच्यातले सर्व पाणी काढून टाकण्याची कायद्यानेच सक्ती आहे. भाचा घरी आल्यावर पिशवी तोंड उघडे ठेवून कुंपणावर वाळत घालतो.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. लहानशा तळ्यात एक नौका तरंगते आहे आणि तिच्यात पाण्याने काठोकाठ भरलेली एक पिशवी आहे. ती पिशवी उचलून तळ्यात टाकली, तर तळ्याची पातळी वाढेल, घटेल की तेवढीच राहील? आणि पिशवीऐवजी तेवढ्याच वजनाचा शिशाचा ठोकळा टाकला तर? आधी कागदावर उत्तर काढा, मग टबात डबा सोडून पाहा.